गुरुवारचं लग्न बुधवारी

'रोमिओ आणि ज्युलिएट'वर परीक्षेत हमखास येणारा प्रश्न एकच: या दोघांचा घात दैवाने केला की त्यांच्याच निर्णयांनी? मुंबईतल्या एका कॉलेजात मी हे नाटक बरीच वर्षं शिकवते आहे आणि हा प्रश्न मला दरवेळी अपुरा वाटतो. मुलं दोन्हीकडचे मुद्दे थोडे थोडे मांडतात, शेवटी 'दोन्हींचा वाटा आहे' असं लिहितात आणि बरे मार्क घेऊन जातात. पण दैव म्हटलं की कुणीच दोषी राहत नाही, आणि निवड म्हटलं की दोषी ठरतात तेच दोघे, जे मेले. दोन्ही उत्तरांतून एक मोठी मंडळी अलगद सुटते. आईवडील, दाई, पाद्री, नात्यातली तापट पोरं, शहराचा राजा. या नाटकात आपण ज्याला दैव म्हणतो, ते बहुतेक वेळा या मंडळींपैकी कुणीतरी अमुक दिवशी अमुक ठिकाणी घेतलेला निर्णय असतो, असं माझं ठाम मत आहे. आणि ते मला नाटकापुरतं मांडायचं नाही. मुंबईत आजही दोन सज्ञान माणसं आपल्या पसंतीने लग्न करायला निघतात तेव्हा त्यांचं 'नशीब' असंच कुणाच्या तरी टेबलावर तयार होत असतं.

दैवाच्या बाजूचा पुरावा कमी नाही. नाटक सुरू होण्याआधीच सूत्रधार सांगून टाकतो की या प्रेमिकांचे ग्रह वाईट आहेत आणि त्यांच्या प्रेमाच्या कपाळी मरण आहे. शेवट पहिल्याच मिनिटाला कळतो. पण तीच प्रस्तावना जरा सावकाश वाचा. तिची सुरुवात होते दोन तोलामोलाच्या घराण्यांपासून आणि त्यांच्यातल्या जुन्या वैरापासून. ग्रहतारे नंतर येतात. पुढे असंही म्हटलंय की आईबापांचा हा राग मुलांच्या मरणाखेरीज दुसऱ्या कशानेच शमला नसता. वैराचं मूळ कारण काय, हे शेक्सपिअर कुठेही सांगत नाही. पाच अंक संपले तरी ते प्रेक्षकाला कळत नाही. पहिल्या प्रवेशात दोन्हीकडचे नोकर भर रस्त्यात अंगठा चावून दाखवण्यावरून तलवारी उपसतात, एवढंच दिसतं. कारण विसरलेलं भांडण टिकवायचं तर रोज सकाळी उठून कुणाला तरी ते नव्याने सुरू करावं लागतं.

शेक्सपिअरने ही गोष्ट आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या दीर्घ काव्यातून घेतली. ब्रुकने आपल्या प्रास्ताविकात प्रेमिकांनाच झोडपलं होतं: आईबापांचा सल्ला डावलून वासनेच्या आहारी गेलेली पोरं, असा त्याचा सूर. शेक्सपिअरने हा उपदेश बाजूला ठेवला आणि ब्रुककडे कित्येक महिने चाललेली गोष्ट रविवार सकाळ ते शुक्रवार पहाट एवढ्यात आणून बसवली. वेळ इतका आवळला की एकेका दिवसाला किंमत येते. कोणता दिवस कुणी हिरावून घेतला, ते मोजता येतं. ते मोजूच.

सोमवारी पाद्री लॉरेन्स रोमिओ आणि ज्युलिएटचं गुपचूप लग्न लावतो. त्याच दुपारी रोमिओ तिच्या मामेभावाला, टिबाल्टला, मारतो आणि व्हेरोनातून हद्दपार होऊन मँटुआ शहरी जातो. मंगळवारी सकाळी ज्युलिएटला सांगण्यात येतं की गुरुवारी तिचं पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्न आहे. ती नाही म्हणते. बाप म्हणतो, ऐकणार नसशील तर भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर. हा तोच बाप आहे, ज्याने रविवारी पॅरिसला सांगितलं होतं की आणखी दोन उन्हाळे जाऊ देत, आधी तिचं मन जिंक, तिच्या होकाराशिवाय माझ्या इच्छेला अर्थ नाही. दोन दिवसांत तो होकार नको झाला. ज्युलिएट पाद्री लॉरेन्सकडे धावते. तो योजना आखतो: बुधवारी रात्री औषध घे, बेचाळीस तास मेल्यासारखी पडून राहशील, तेवढ्यात मी रोमिओला पत्र पाठवतो, तू जागी होशील तेव्हा तो तुझ्याजवळ असेल. घरी येऊन ती बापाची माफी मागते. बाप इतका खूश होतो की लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतो. बायको म्हणतेही की गुरुवार काय वाईट आहे, तयारी कशी व्हायची? तो ऐकत नाही. रात्रभर जागून मी सगळं बघतो म्हणतो.

बस, एवढंच. कुणी ग्रह हलवला नाही. उत्साहाच्या भरात एका यजमानाने लग्नाची तारीख एक दिवस अलीकडे आणली आणि ज्युलिएटला औषध बुधवारऐवजी मंगळवारी रात्रीच घ्यावं लागलं. पत्राच्या हातातले चोवीस तास गेले. पुढे पत्र घेऊन निघालेला पाद्री जॉन साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र पोहोचत नाही, तेव्हा आपण म्हणतो, बघा, शेवटी नशीब! पण जॉन परत आल्यावर लॉरेन्स काय म्हणतो? मी पुन्हा मँटुआला पत्र लिहितो. दुसरं पत्र लिहायचं त्याच्या डोक्यात आहे. ते पोहोचवायला वेळ उरलेला नाही. गेलेला तो एक दिवस इथे हवा होता.

साथीने घर बंद होणं हा योगायोग आहे, हे कुणी नाकारणार नाही. मुंबईकराला तर ते समजावून सांगायलाही नको. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला तेव्हाच्या गोष्टी घरोघरी ऐकलेल्या आहेत आणि २०२० मध्ये सील झालेल्या इमारती आपण स्वतः पाहिल्या. पण योगायोग जीवघेणा कधी ठरतो, हे पाहायला हवं. दादरला एक फास्ट चुकली तर माणूस हळहळतो, पुढची पकडतो आणि विसरून जातो. दिवसाला एकच गाडी असती तर तीच चूक नोकरी घालवते. गाडी चुकणं तेवढंच असतं. फरक पडतो तो किती गाड्या सोडायच्या हे ठरवणाऱ्यामुळे. ज्युलिएटच्या वाट्याला एकच पत्र, एकच निरोप्या, एकच रात्र होती. आणि हे सगळं चोरून करावं लागलं, कारण उघडपणे 'माझं लग्न झालंय' असं सांगायची सोय तिच्या घरात नव्हती.

आता रोमिओ. त्याला मी मोकळं सोडणार नाही. टिबाल्टला मारणं हा त्याचा निर्णय आहे. मित्र डोळ्यांदेखत मेला म्हणून रक्त उसळलं, हे समजतं, पण तलवार त्याच्याच हातात होती. आणि टिबाल्ट पडल्याबरोबर तो काय ओरडतो? मी दैवाच्या हातचं खेळणं आहे! मँटुआत ज्युलिएट गेल्याची बातमी कळल्यावर तो ग्रहताऱ्यांना आव्हान देतो. नोकराला विचारतो, पाद्रीबाबांचं पत्र नाही का? नोकर म्हणतो नाही. मग तो म्हणतो, असू दे. एका पत्राची चौकशी करण्याइतकाही तो थांबत नाही. इतकं घाईने विष विकत घेणाऱ्या माणसाला निव्वळ नशिबाचा बळी म्हणणं त्याच्या माणूसपणावर अन्याय करणारं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. नाटकात दैवाचं नाव कोण घेतं आणि केव्हा घेतं? रोमिओ घेतो, खून केल्यावर लगेच. लॉरेन्स घेतो थडग्यात, योजना फसल्यावर. आपल्याला विरोध करता येणार नाही अशा एका मोठ्या शक्तीने आपले बेत उधळले, असं तो नुकत्याच जाग्या झालेल्या ज्युलिएटला सांगतो. मग बाहेर पहारेकऱ्यांचा आवाज येतो आणि तो पळून जातो. शेजारी नवऱ्याचं प्रेत, समोर कट्यार, अशा ठिकाणी त्या मुलीला एकटी टाकून. तिथे थांबणं त्याच्या हातात होतं.

ज्युलिएटच्या त्या मंगळवारच्या रात्रीबद्दल मात्र वर्गात मला नेहमी वेळ कमी पडतो. बाल्कनीचा प्रवेश सगळ्यांना माहीत असतो. हा फारसा कुणी वाचत नाही. हातात औषधाची कुपी आहे. दाईला हाक मारावीशी वाटते, पण तिनेच सकाळी सल्ला दिलाय की रोमिओला विसर आणि पॅरिसशी लग्न कर. आईने सांगून टाकलंय, तुझ्याशी माझा संबंध संपला. हे मला एकटीलाच करायचं आहे, असं ज्युलिएट स्वतःला बजावते. मग ती एकेक शक्यता तपासते. औषध लागूच पडलं नाही तर? म्हणून कट्यार जवळ ठेवते. लॉरेन्सने आपलं गुपित झाकायला खरंच विष दिलं असेल तर? नाही, तो सज्जन माणूस आहे. रोमिओ येण्याआधी जाग आली तर? बंद थडग्यात श्वास कोंडेल. नाहीतर पूर्वजांच्या हाडांमध्ये आणि ताज्या पुरलेल्या टिबाल्टशेजारी मला वेड लागेल. हे सगळं नीट पाहून ती ते पिते. साऱ्या नाटकात इतका विचार करून निर्णय घेणारं दुसरं माणूस मला सापडलेलं नाही. उतावळी पोरं म्हणून दोघांना एकाच मापाने मोजणाऱ्यांनी हा प्रवेश वाचावा. तिच्याजवळ अक्कल होती. विचारायला माणूस नव्हतं.

ती अजून चौदा वर्षांचीही झालेली नाही, आणि एवढ्या वयाच्या मुलीच्या निवडीला मी निवड म्हणणार नाही. पण लग्नासाठी तिचं वय पुरेसं आहे हे कुणी ठरवलं? आईने. ती म्हणते, तुझ्याएवढी असताना मी तुझी आई झाले होते. निवडीचा अधिकार नाही, पण लग्नाचं ओझं चालतं, असा तो हिशोब आहे आणि तो काही इटलीपुरता नव्हता.

मुंबईतच, गिरगावात वाढलेल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. पुढे नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, नांदायला येण्यासाठी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. समजत नव्हतं त्या वयात लावून दिलेलं लग्न मला बांधत नाही, ही त्यांची भूमिका होती. टिळकांसारखे लोक विरोधात लिहीत होते. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे त्यांच्या खटल्याने उठवलेली चर्चा होती.

रखमाबाईंचं धैर्य असामान्य होतं, त्यात शंका नाही. पण ज्युलिएटजवळ नव्हतं असं त्यांच्याजवळ काय होतं, तेही पाहा. आईने पुनर्विवाह केल्यामुळे लाभलेले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांच्या घरात पुस्तकं होती आणि ज्यांनी मुलीला जबरदस्तीने सासरी धाडलं नाही. वर्तमानपत्रात 'एक हिंदू स्त्री' या नावाने पत्रं लिहिता येतील एवढं शिक्षण. खटल्यासाठी उभी राहिलेली समिती. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्यासारखी वडीलधारी मैत्रीण, जिने परदेशातल्या शिक्षणासाठी मदत केली. अकराव्या वर्षीचं लग्न हे त्या काळी पुरतं विधिलिखित मानलं जात होतं. ते पुसता आलं, कारण नाही म्हणणाऱ्या बाईच्या मागे चार माणसं, थोडा पैसा आणि राहायला घर होतं. निवड एकट्याची असली तरी ती टिकवायला दुसऱ्यांची साथ लागते. ज्युलिएटच्या दाईने मंगळवारी सकाळी तीच काढून घेतली.

आपल्याकडे बाळाच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि कपाळी लिहून जाते, अशी श्रद्धा. पण त्याच घरातली माणसं मुलगी पंचविशीला आली की सटवाईवर भरवसा ठेवून स्वस्थ बसतात का? पत्रिका काढतात, छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते बघतात, मंगळ आहे का विचारतात, एकनाड असली की मागे फिरतात. जात, पोटजात, पगार, ठाण्यात स्वतःचा फ्लॅट. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर सगळं भरलेलं असतं. यात दैवावर काहीही सोडलेलं नसतं. आईवडील अत्यंत बारकाईने निवड करत असतात, आणि त्यांनी ती करावी यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती याला की तीच निवड मुलीने स्वतः केली आणि पुढे वाईट झालं, की एकदम 'तिच्या नशिबात नव्हतं' किंवा 'तिनेच ओढवून घेतलं' हे दोन जुने आधार बाहेर येतात. सोनई, खर्डा ही गावांची नावं महाराष्ट्राला माहीत झाली ती जातीबाहेरच्या प्रेमाच्या संशयावरून झालेल्या दलित तरुणांच्या हत्यांमुळे. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. न्यायालयात उभं राहून 'मी काही पाहिलं नाही' म्हणणं यातलं नशीब नेमकं कुणी लिहिलं?

मुंबईत असं होत नाही, असं माझे विद्यार्थी म्हणतात. इथे मरीन ड्राइव्हवर कुणी कुणाशेजारी बसलं तरी कोण विचारतं? हे खरं आहे आणि या शहराचं हे ऋण फार मोठं आहे. पण कठड्यावर बसणं वेगळं आणि लग्न करणं वेगळं.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाची साक्षीदार म्हणून मी मुंबईतल्या एका विवाह नोंदणी कार्यालयात गेले होते. ती कुर्ल्याची मुसलमान मुलगी, तो सातारा भागातून नोकरीसाठी आलेला मराठा मुलगा. कुणी धर्म बदलायचा नाही, हे त्यांनी ठरवलेलं. म्हणजे रस्ता एकच: १९५४ चा विशेष विवाह कायदा. नोटीस त्यांनी आधीच दिली होती. व्हरांड्यात काचेच्या फलकामागे नोटिशी एकावर एक टाचलेल्या. नाव, वय, व्यवसाय, अविवाहित की घटस्फोटित, राहण्याचा पत्ता, कायमचा पत्ता, शिवाय फोटो. आम्ही बाकावर बसलो होतो तेवढ्या वेळात एक गृहस्थ आले, फलकापुढे उभे राहिले आणि मोबाइलवर एकेका कागदाचा फोटो काढून निघून गेले. त्यांना कुणी हटकलं नाही, कारण कायद्याने नोटीस सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचीच असते. मुलीने माझा हात घट्ट धरला. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद तपासता तपासता विचारलं, "आईवडिलांना माहितीये ना गं?" ती म्हणाली, "वडिलांना नाही." "मग बघ बाई, मागाहून भानगड नको." त्या काही दुष्ट नव्हत्या, काळजीनेच बोलत होत्या. पण त्यांच्या टेबलावरच्या कायद्यात हा प्रश्न कुठेच नाही.

कलम ४ मध्ये अटी आहेत: दोघांपैकी कुणाचंही आधीचं लग्न कायम नसावं, संमती देण्याची मानसिक क्षमता असावी, मुलगा एकवीस आणि मुलगी अठरा पूर्ण असावी, निषिद्ध नात्यातले नसावेत. आईबापांच्या परवानगीचा त्यात शब्दही नाही. तरी कलम ६ सांगतं की नोटीस लावा, आणि कलम ७ सांगतं की तीस दिवस कुणीही हरकत घेऊ शकतं. शिवाय दोघांपैकी एक जण कायमचा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. म्हणजे गाव सोडून मुंबईत आलेल्या मुलाच्या लग्नाची खबर सरकार स्वतःच्या खर्चाने त्याच्या जिल्ह्यात पोचवतं. व्हेरोनात पत्र पोहोचलं नाही म्हणून दोघे मेले. आपल्याकडे पत्र बरोबर पोहोचतं, फक्त ज्यांच्यापासून लपायचं आहे त्यांच्या हाती.

हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना असली नोटीस लागत नाही. म्हणून दोघे हिंदू असतील तर पळून जाऊन आळंदीला लग्न लावतात आणि नोंदणी मागाहून करतात. धर्म वेगळे असतील तर एकाने धर्म बदलला की तीस दिवस वाचतात. ज्यांना धर्म न बदलता, उजळ माथ्याने, नागरिक म्हणून लग्न करायचं आहे त्यांनाच कायदा महिनाभर उघड्यावर उभं करतो. घाई, लपवाछपवी, देवळातलं उरकून टाकलेलं लग्न याबद्दल तरुणांना बोल लावताना हे आठवावं. लॉरेन्सच्या खोलीत गुपचूप लागलेलं लग्नही याच कारणाने तसं लागलं होतं.

नोटिशीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो मी हलका समजत नाही. आधीचं लग्न लपवून मुलींना फसवणारे पुरुष आहेत. चार लोकांना कळलं तर फसवणूक उघडी पडते. मुलीच्या आईला ही भीती वाटणं साहजिक आहे. पण मग प्रश्न असा की वाजतगाजत, सभागृह घेऊन, पाचशे पानं उठवून लागलेल्या लग्नांत आधीच्या बायका लपवलेल्या नसतात काय? तिथे तीस दिवसांची नोटीस कुणी मागितली नाही. खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर शिक्षा आहे, पहिला जोडीदार असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे, कागदपत्रं तपासायला सरकारी यंत्रणा आहे. फसवणूक शोधायचं काम अधिकाऱ्याने करावं. ते फलकासमोर मोबाइल घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाकडे सोपवलं, तर तो आधीचं लग्न शोधायला आलेला नसतो, आडनावं वाचायला आलेला असतो. केरळ सरकारने २०२० मध्ये अशा नोटिशी संकेतस्थळावर टाकणं थांबवलं, कारण त्या उचलून समाजमाध्यमांवर फिरवल्या जात होत्या. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की नोटीस जाहीर करायची की नाही हे त्या जोडप्याने ठरवावं. सर्वोच्च न्यायालयाने तर मार्च २०१८ मध्येच, शक्ती वाहिनी प्रकरणात, स्पष्ट केलं होतं की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवलं की कुटुंबाची किंवा जातीची संमती लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन, सुरक्षित निवारा यांचे निर्देशही त्यात होते.

आपल्या राज्याचं वागणं यात एका दिशेचं नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं की जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे. त्या विचाराला धरून महाराष्ट्र सरकार अशा विवाहांना पन्नास हजार रुपयांचं अर्थसाहाय्य देतं. तेच सरकार डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांची माहिती गोळा करणारी समिती नेमतं आणि टीका झाल्यावर काही दिवसांत आंतरजातीय वगळून फक्त आंतरधर्मीय ठेवतं. अशा वेळी तरुणांनी काय समजावं? बक्षीस मिळेल की पाळत ठेवली जाईल?

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर ज्या विषवाल्याकडून रोमिओ विष घेतो त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. मँटुआत विष विकणाऱ्याला देहान्त शासन आहे. तो भुकेकंगाल माणूस म्हणतो, माझी गरिबी हो म्हणते आहे, मी नाही. रोमिओ म्हणतो, मग मी तुझ्या गरिबीलाच पैसे देतो. चार वाक्यांचा माणूस, पण निवडीबद्दल या नाटकातलं सर्वांत खरं वाक्य त्याच्या तोंडी आहे. मुंबईत प्रेमविवाह कुणाला परवडतो? ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्याला बापाचा राग दोन वर्षं झेलता येतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत वाढलेल्या मुलीला घरातून निघायचं तर आधी भाड्याची खोली हवी, डिपॉझिट हवं, अकरा महिन्यांचा करार हवा. आणि घरमालक करारापूर्वी काय मागतो? लग्नाचा दाखला. तो मिळायला तीस दिवस. ते तीस दिवस तिने कुठे काढायचे, याचं उत्तर तिच्या कुंडलीत नाही, सरकारच्या निवारा केंद्रात असायला हवं. माझ्या विद्यार्थिनीने ते माझ्या घरी काढले. प्रत्येकीला मास्तरीण सापडेलच असं नाही.

नाटकाच्या शेवटी राजा म्हणतो, काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा. नावं घेत नाही. ब्रुकच्या काव्यात विषवाला फासावर जातो आणि दाईला हद्दपारी मिळते. शेक्सपिअरच्या नाटकात दोन्ही बापांना काहीच होत नाही. ते एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायचं ठरवतात. वर्गात मी दर वर्षी विचारते की या शेवटाला समेट म्हणायचं का, आणि दर वर्षी एखादी मुलगी मागच्या बाकावरून म्हणते, "मॅडम, पुतळ्याच्या पैशांत त्यांना वेगळं घर घेऊन दिलं असतं ना."

कलम ५ ते ८ बदलणं संसदेचं काम आहे आणि त्यासाठी आपल्या खासदारांना लिहिलं पाहिजे: जाहीर फलक नको, दुसऱ्या जिल्ह्यात प्रत नको, तपासणी करा ती कागदपत्रांची करा, आणि सात दिवसांत करा. तोवर राज्य सरकारला दिल्लीची वाट न बघता करता येण्यासारखं पुष्कळ आहे. प्रत्येक विवाह नोंदणी कार्यालयात कलम ४ च्या अटी मोठ्या मराठी अक्षरांत लावाव्यात, म्हणजे खिडकीवर काय विचारायचं आणि काय नाही हे दोन्ही बाजूंना कळेल. नोटिशीवर फोटो चिकटवण्याची कायद्यात सक्ती नाही, तो काढून टाकावा. फलकाचे फोटो काढायला मनाई करावी. आणि त्याच फलकाशेजारी पोलिसांच्या विशेष कक्षाचा आणि सर्वांत जवळच्या निवारा केंद्राचा फोन नंबर लिहावा, दिवसरात्र उचलला जाणारा.